मिगिवाची ओ

नात्सुमीच्या वर्गात तीन नात्सुमी होत्या. एक उंच नात्सुमी, एक चष्मेवाली नात्सुमी आणि ही नुसतीच तिसरी. बाईंनी नाव पुकारलं की तीन माना वर व्हायच्या आणि हिची सगळ्यांत आधी खाली जायची. म्हणून पोटात मूल आहे हे कळलं त्याच दिवशी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "मुलगी झाली तर तिचं नाव असं ठेवायचं, की हाक मारली तर एकटी तीच ओ देईल."

योसुके हसला. तो किरिउराचा, शिमाच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावचा. नागोयातली नोकरी सोडून तो बायकोला घेऊन आईच्या घरी परत आला होता आणि मोत्यांच्या शिंपल्यांच्या तराफ्यांवर काम करत होता. त्याची आई फुसाए सत्तरीला टेकली तरी अजून समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या तेच करायच्या.

ओबोनच्या सणाला पूर्वज घरी येतात, म्हणून त्याआधी सगळं गाव देवळामागच्या दफनभूमीत दगड धुवायला जमलं. नात्सुमी अवघडलेली होती, तरी ब्रश घेऊन गेली. कोपऱ्यात एक बुटका दगड शेवाळानं माखला होता. तिनं तो घासला आणि खालून चित्रलिपीतलं एकच अक्षर वर आलं. मिगिवा. लाट येऊन मागे फिरते, तिथे वाळूवर पाण्याची जी कड राहते, ती मिगिवा.

"आई, हे कुणाचं नाव? किती गोड आहे!"

फुसाएनं बादलीतलं पाणी शेजारच्या दगडावर ओतलं. "होतं कुणाचं तरी. आपल्याकडे ठेवत नाहीत ते."

"का?"

"ठेवत नाहीत म्हणून."

संध्याकाळी योसुकेनं फोनवर शोधलं. "सगळ्या देशात फार थोड्या आहेत. ज्या आहेत, त्याही म्हाताऱ्या."

"मग हेच."

"आईचं काय?"

"त्या कारणच सांगत नाहीत."

"मग नसेलच काही. आमच्यात होडीवर माकडाचं नाव काढलं तरी माणसं परत फिरतात. असल्यांचं किती मनावर घ्यायचं?"

शरदात मुलगी झाली. नोंद करायला नात्सुमी स्वतः गेली. कार्यालयातला माणूस पलीकडच्याच गावचा होता. ते अक्षर बघून त्याचा हात थांबला. "उच्चारही मिगिवाच ना?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. त्यानं शिक्का मारला आणि तिच्याकडे न बघता कागद पुढे सरकवला.

त्यानंतर किरिउरात त्या पोरीला नावानं कुणी हाक मारली नाही. फुसाए तिला बारकी म्हणायची, म्हणून सगळं गाव बारकी म्हणायचं. किनाऱ्यावरच्या झोपडीत बायका बुडीनंतर आगीपाशी शेकत बसायच्या. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी होती तोमिए. ती विचारायची, "काय गं बारके, दात आले का?"

"तिला नाव आहे, तोमिए आजी," नात्सुमी एकदा म्हणालीच.

"असेल की. माझ्या बोक्यालाही आहे. मेला कुठं हाकेला येतो?"

बायका हसल्या. पण ते हसणं मध्येच कुणीतरी दाबल्यासारखं थांबलं.

नात्सुमी मग हट्टानं घरात मोठ्यानं हाका मारायची. तिनं हाक मारली की फुसाए उठून समुद्राकडची खिडकी लावून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "वारा येतो." बाहेर पान हलत नसायचं.

पोर चार वर्षांची झाली. वसंतात खायचं समुद्री शेवाळ वाळवायचे दिवस होते. दुपारी एकाएकी धुकं उतरलं, इतकं दाट, की दोरीवरचं शेवाळही दिसेना. नात्सुमीनं मागे वळून बघितलं तर मुलगी नव्हती. ती तशीच वाळूवर धावत सुटली.

"मिगिवा! मिगिवा!"

"आले!"

आवाज समोरून आला. बारीक होता, जरा दमलेला.

"कुठे आहेस?"

"इथे! इथे!"

नात्सुमी आवाजाच्या दिशेनं चालू लागली. पाणी गुडघ्यांना लागलं, मांड्यांना लागलं. तिला थंडीही कळली नाही, कारण मधूनमधून तो आवाज येतच होता आणि दरवेळी थोडा पुढे सरकलेला असायचा. पाणी कमरेला आलं तेव्हा मागून कुणीतरी तिचा एप्रन धरून ओढला. फुसाए होती. तिनं सुनेच्या तोंडावर हात दाबला.

"आता ते नाव घेतलंस तर थोबाड फोडीन."

मग ती काठाकडे तोंड करून ओरडली, "बारके! ए बारके!"

"काय, आजी?"

धुकं क्षणभर विरळ झालं आणि तोमिएच्या होडीच्या शेडमधून पोर पाण्याच्या कडेपर्यंत आली. गळ्यात शेवाळाच्या माळा घातल्या होत्या. आणि त्याच वेळी दोघींच्या पाठीमागून, पाण्यावरून, पुन्हा आलं, "इथे!"

नात्सुमी मुलीच्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

झोपडीत कपडे वाळत असताना फुसाएनं सांगितलं. पोर बाहेर तोमिएपाशी होती.

"मिगिवा माझी मावशी. आईची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. मी तेव्हा सहा वर्षांची. असंच धुकं पडलं. बाकीच्या बायका वर आल्या, ती आली नाही. सगळं गाव काठावर उभं राहून तिच्या नावानं ओरडलं आणि तिनं ओ दिली."

"मग?"

"पाण्याखाली आपली जोडीण असते, आपल्याच रूपाची. ती हाका मारून आत नेते, असं आमच्यात पोरीबाळींना पहिल्यापासून सांगतात. सगळ्यांना वाटलं, ही तीच. होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. एकही कुणी ढकलली नाही. आईनं माझे कान दोन्ही हातांनी दाबून धरले. तरी मला ऐकू येत होतं. नंतर नंतर ती ओ देईना, आमचीच नावं घ्यायला लागली. माझंसुद्धा."

फुसाएनं विस्तवात लाकूड सारलं.

"धुकं उठल्यावर पुरुष समोरच्या पाण्यातल्या कासव्या खडकावर गेले. खाचेत तिची कमरेची दोरी अडकलेली होती. आणि डोक्याचं फडकं नीट घडी करून दगडाखाली ठेवलेलं. बुडणारी बाई फडक्याची घडी घालत नाही, नात्सुमी."

म्हणजे ती खडकावर बसून वाट बघत होती.  

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. नायिकेचं नाव मिगिवा. हसरी, धीट पोरगी, बघेल त्याला आवडावी अशी. पुढल्या वर्षी लस टोचायला नात्सुमी मुलीला शहरात घेऊन गेली, तर नर्सनं लाडानं "मिगिवा-चान" म्हणताच तीन आया उठून उभ्या राहिल्या.

"हल्ली फार झाल्यात," नर्स हसून म्हणाली. "दर आठवड्याला एखादी तान्ही येतेच."

एके काळी नात्सुमीला याचं वाईट वाटलं असतं. आता तिच्या डोळ्यांपुढे किरिउराचा उन्हाळा आला. वाळूवर रंगीत छत्र्या, शहरातली माणसं, गुडघाभर पाण्यात खेळणाऱ्या पोरी. संध्याकाळी धुकं आत येणार, कुठलीतरी आई उठून उभी राहणार आणि हाक मारणार.

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं. फुसाए मुळा चिरत होती.

"पाटी लावू या," नात्सुमी म्हणाली.

"काय लिहिशील पाटीवर?"

नात्सुमी मुळ्याची सालं गोळा करायला लागली. मग ती म्हणाली, "आई, ती अजून ओ देते, कारण तिला न्यायला कुणी गेलंच नाही. आपण जाऊ."

सुरी थांबली. मुळ्याचे दोन काप पाटावरून खाली पडले, तेही फुसाएनं उचलले नाहीत.

"तू येशील?"

"नाव तर मीच उकरून काढलं."

समुद्र निपचित असलेल्या एका सकाळी दोघी निघाल्या. योसुके मुलीचा हात धरून काठावर उभा राहिला. "मी वल्हवतो," तो म्हणाला, तर फुसाएनं त्याला थांबवलं. "तेव्हाही पुरुषच जाणार होते," एवढंच म्हणाली. तिनं डोक्याला पांढरं फडकं बांधलं, काळ्या दोऱ्यानं चांदणी भरलेलं, बुडीला जाताना बांधते तसं.

कासव्या खडकाला होडी लागली. फुसाए उभी राहिली.  

"मिगिवा मावशी! मी फुसा! न्यायला आलेय!"

ओ आली नाही. खाचांतून पाणी आत-बाहेर होत राहिलं. नात्सुमीला वाटलं, संपलं, बहुतेक एवढंच हवं होतं. आणि होडी एका बाजूला कलली. बुडी मारून आलेली बाई काठाला हात घालून वर चढते, तेव्हा कलते तशी. पाण्याचा एक लोट आत आला, मग होडी सावरली. पण आधीपेक्षा खाली बसली होती.

फुसाए फळीवर बाजूला सरकली. शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाली, "बस. जपून बस."

नात्सुमीनं वल्ही उचलली. काठापर्यंत ती एकदाही मागे वळली नाही. तळहातांना फोड आले, इतकी होडी जड झाली होती.

काठावर बायका झोपडीतून बाहेर आल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दोघी उतरल्या तेव्हा त्यांनी वाट करून दिली, दोघींना लागते त्याहून रुंद. तोमिएनं डोक्याचं फडकं काढलं आणि कमरेत वाकून उभी राहिली. योसुकेच्या पायामागे लपलेली पोर आजीकडे धावत गेली नाही.

त्या उन्हाळ्यात किरिउरात तुडुंब माणसं आली. मिगिवा, इकडे ये! मिगिवा, आइस्क्रीम! दिवसभर हाका चालू होत्या आणि समुद्र गप्प होता. कुणी बुडालं नाही. तोमिएसुद्धा आता पोरीला नावानं हाक मारते, जरा अडखळत.

फुसाएनं मागची खोली मोकळी केली. तिथे ती रोज तिन्हीसांजेला अंथरूण घालते आणि सकाळी काढते. त्या खोलीतली चटई काही केल्या वाळत नाही. योसुके म्हणतो, जमिनीत ओल असेल. तो हल्ली टीव्हीचा आवाज वाढवून जेवतो. जेवायला बोलावताना नात्सुमीनं एकदा मुलीला हाक मारली, तर एक ओ माडीवरून आली आणि एक मागच्या खोलीतून. तेव्हापासून ती जवळ जाऊन खांद्याला हात लावते.

"किती दिवस, आई?" तिनं विचारलं.

"सत्तरेक वर्षं गारठलीय ती. ऊब तरी लागू दे." फुसाएचा चेहरा पूर्वीपेक्षा तरुण दिसायला लागला होता.

गेल्या आठवड्यात दुपारी घर शांत होतं. नात्सुमी मुलीला शोधत मागच्या खोलीपाशी गेली. दार अर्धं उघडं होतं. मिगिवा चटईवर पाय दुमडून बसली होती, समोर कुणीतरी बसलेलं असावं तशी नजर लावून. तिचे गाल फुगलेले होते आणि चेहरा लाल झाला होता.

"काय चाललंय?"

मुलीनं तिच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. श्वास तिनं धरून ठेवला होता.

"मिगी, सोड तो. कुणी शिकवलं तुला हे?"

मुलीचे ओठ निळसर व्हायला लागले. ती मान हलवून कुणालातरी विचारत होती, आता सोडू का? आणि समोरून अजून हो आलेलं नसावं. नात्सुमी दार ढकलून आत धावली, तर पायाखालच्या चटईवर घोट्यापर्यंत पाणी होतं.