पेशी वाढल्या

"बोट ढिलं सोडा. मुंगी चावल्यागत हुईल."

निळा-जांभळा रंग. एकदा कातडीला लागला की आठ दिवस निघत नाही. लिंबानं नाही, राखेनं नाही.

विहीर एक, भाऊ दोन, आठवड्याचे दिवस सात. साडेतीन दिवस म्हणजे नेमके किती, हे बैलांना कधी कळलं नाही.

दोन डब्यांत चिंचोके. एका डब्यात तांबूस, दुसऱ्यात भाजून सोललेले पांढरे.

पुण्याहून आलेली एक पातळ पुस्तिका. तिच्यात एक सुंदर शब्द.

*

परांड्याच्या दवाखान्यात रेवणसिद्धचं काम एवढंच होतं. रुग्णाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळला की रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे. गावातले लोक त्या यंत्राला दुर्बीण म्हणत, हैदराबादहून आलेले डॉक्टरसाहेब खुर्दबीन म्हणत. रेवणसिद्धला सगळे काचप्पा म्हणत. अकरा वर्षं त्याची बोटं निळी होती. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तो पूजेला बसला की त्याची बायको इरम्मा चुलीपासून म्हणे, "देवाला बी हिवताप आलाय जनू. निळा पडलाय."

एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला की परांडा नाहीसा होई. किल्ला जाई, खंदक जाई, दारातली खोकणारी रांग जाई. उरे एक गोल उजेड आणि त्यात तरंगणारे फिकट गुलाबी चंद्र. शेकडो, सगळे सारखे. मधेच कुठंतरी एखादी मोठी, जांभळ्या पोटाची पांढरी पेशी, राखणदारासारखी एकटीच उभी. रेवणसिद्धला वाटे, आपण ढगात बसून कुणाचं तरी शेत बघतोय. शेत वर येई, खाली जाई. त्याला आवाज नव्हता.

पेशी. हाच तो पुस्तिकेतला शब्द. डॉक्टरसाहेब खलिए म्हणत. पण आपल्या भाषेतही या चंद्रांना नाव आहे हे वाचून तो दिवसभर हसत होता.

*

काल हरणाबाईची काच केली. वय पन्नासच्या आत. ताप येऊन-जाऊन. डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी वाढलेली की लुगड्याचा ओचा तिथं बसत नव्हता. हिवतापच असणार, असं धरून त्यानं नळीला डोळा लावला.

शेतात राखणदारांची जत्रा भरली होती.

तो मोजायला बसला. शंभर तांबड्या पेशींना एक तांबूस चिंचोका, प्रत्येक पांढरीला एक पांढरा. नेहमी सहा-सात तांबूस बाजूला पडावेत तेव्हा कुठं एक पांढरा पडे. आज एका तांबूस चिंचोक्याला दहा-बारा पांढरे पडत गेले. मग डबाच रिकामा झाला.

डॉक्टरसाहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हिवताप नै है ये," ते म्हणाले. "सफेद खलिए हद से ज्यादा. इसका इलाज अपने पास नै. साल भर, बस. तुम बोल दो इनो को, अपनी जबान में. नरमी से."

*

आज सकाळी ती आली. तीन कोस चालून. काखेत भाकरीचं गाठोडं.

"काय निघालं, आप्पा? बिगी सांगा. दुपारच्याला अदालतीत पुकारा हाय माझा."

विहिरीच्या पाळीचा दावा. नवरा धोंडप्पा गेल्यावर दीर महांतप्पानं तिची मोट बंद केली होती. सहा वर्षं ती दर तारखेला येत होती. माघारी आलेली लेक, शिवकांता, घरी होती. पाळी तिच्या नावावर व्हावी, एवढ्यासाठीच सगळं.

"दीर म्हंतोय, दोन दिस घे आन् राजीनामा लिही," हरणाबाई म्हणाली. अदालतीत लिहून द्यायच्या तडजोडीला राजीनामा म्हणत. "म्या म्हनलं, निम्मी पाळी म्हंजे निम्मी. निकाल लागू दे. मला काय घाई हाय? माझ्या मागं पोरीला कोन इचारतंय, पन म्या हाय की अजून."

रेवणसिद्धनं रात्रभर वाक्य जुळवलं होतं. त्यात त्यानं तो सुंदर शब्द घातला होता.

"हरणाबाई," तो हळू म्हणाला, "पांढऱ्या पेशी वाढल्यात."

तिनं मान वर केली.

"पेशी वाढली?"

"व्हय."

"कुनी सांगितलं? बेलिफानं?"

"न्हाय. म्या सोता बघितलं."

"किती वाढली?"

"लई."

तिचा चेहरा सैल झाला. सहा वर्षं त्या चेहऱ्यावरचं काहीतरी आवळलेलं होतं, ते सुटलं. "बरं झालं गं बया," ती स्वतःलाच म्हणाली. "आज अंगात बळच नव्हतं. मुदत मिळाली."

मग त्याला उमगलं. निजामाच्या राज्यात पेशी एकच. अदालतीतली. ती वाढली म्हणजे तारीख पुढं गेली. सरकारी दवाखान्यातल्या माणसाला अदालतीतलं कळणारच, असं तिनं धरलं होतं.

तिनं गाठोडं सोडून अर्धी भाकरी त्याच्यापुढं ठेवली. "खावा. येवडी गोड बातमी दिली तुमी." त्यानं खाल्ली. तीळ लावलेली होती. खाताना त्याला वाटलं, राहू दे. हा शब्द तसाच राहू दे. कुठंतरी असंही एक शेत असेल, जिथं पेशी वाढल्या की माणसाला वेळ मिळतो.

ती उठली आणि माघारी आपल्या गावाच्या वाटेला लागली.

तो चिंचोके निवडायला बसला. तांबूस एका डब्यात, पांढरे दुसऱ्यात. पांढरे संपेनात. कचेरीवर अकराचे टोले पडले तेव्हा त्याची बोटं थांबली. पुकारा होईल. बाई हजर नाही म्हणून दावा निघून जाईल. मग दोन दिवसही नाहीत.

तो धावला. अकरा वर्षांत त्याला कुणी धावताना बघितलं नव्हतं. "काचप्पा, काच फुटली का?" कुणीतरी ओरडलं. खंदकाच्या पलीकडं ती सावकाश चालली होती, कुशीवर हात धरून.

"आक्का, थांबा. ती पेशी न्हवं."

"मंग कंची?"

त्याला सांगता येईना. "चला, दावतो," एवढंच म्हणाला.

*

खिडकीचा उजेड आरशातून वर घेऊन त्यानं तिला स्टुलावर बसवलं. पुढचं बोलणं जबानीसारखं झालं. सवाल हरणाबाईचे, जवाब रेवणसिद्धचे.

सवाल : ह्ये तांबडं गोल गोल काय?
जवाब : तुमचं रगत.
सवाल : येवडं देखनं असतंय व्हय?
जवाब : व्हय.
सवाल : आन् ह्ये मोटे मोटे? लई गर्दी केलीया. अदालतीच्या दारात असत्यात तसे.
जवाब : त्येच वाढल्यात. पुस्तकात त्यांना पेशी म्हंत्यात.
सवाल : ह्यातले माझ्या बाजूचे किती?
जवाब : समदे तुमचेच. राखनदार हायती. पन कच्चेच बाहीर पडल्यात. राखन करत न्हाईत, नुस्ती जागा आडवत्यात.
सवाल : म्हंजे घरचेच.
जवाब : (आरसा सारखा केला.)
सवाल : ही पेशी कवर वाढंल?
जवाब : वरीसभर. डाक्टरसाहेब म्हनले.

तिनं नळीवरचा डोळा काढला नाही. बाहेर कुणीतरी औषधाची बाटली विसळत होतं. उजेड तिच्या गालावर थोडा सांडला होता, आणि ती आत बघत राहिली, जशी माणसं काठावर बसून विहिरीत बघतात.

"अगुदर का न्हाय सांगितलंसा?" तिनं विचारलं.

"सांगितलं की. तुमी भाकरी दिलीसा."

ती हसली. खरंच हसली. मग पदर सारखा करून उठली. "पुकारा व्हायचाय अजून. चालते म्या."

*

चारच्या सुमाराला ती परत दारात आली. आत आली नाही. तिथूनच उजवा अंगठा वर करून दाखवला. राजीनाम्यावर ठसा उठवताना लागलेली शाई नखाच्या कडेनं निळी वाळली होती.

"तीन दिस," ती म्हणाली. "दोनावर आला हुता. म्या म्हनलं, तीन देत असशील तर आत्ता आंगठा, न्हाय तर आजून धा वर्सं पेशी. घाबरलं. शिवकांताच्या नावानं लिवलंय. सोमवार, मंगळवार, बुधवार."

"अर्धा दिस सोडलासा."

"सोडला."

रेवणसिद्धनं लिंबाची फोड पुढं केली. "शाई काढा ह्येनं."

"तुमची कुटं निघालीया?" ती त्याच्या बोटांकडं बघत म्हणाली. फोड तिनं घेतली आणि गाठोड्यात ठेवली, वाटेत तोंडात धरायला.

ती गेल्यावर त्यानं तिची काच फडक्यात गुंडाळून खणात ठेवली. तपासलेल्या काचा धुऊन पुन्हा वापरायच्या असत. ही त्यानं धुतली नाही.

*

तीस वर्षांमागं ती विहीर खोदताना पाणी लागलं तेव्हा तळाशी हरणाबाई होती. ती सतरा वर्षांची होती, आणि पाणी आधी तिच्या घोट्याला लागलं.