गढीची पांढरी

साक्षीनं आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला हा विषय घेतला तोच मुळी सरांना खूश करायला. सिमेंटचं नाव काढलं की सरांचं डोकं उठायचं. पृथ्वीला ओरबाडू नका, हाताशी आहे त्यातच बांधा, असं ते वर्गात घसा कोरडा करून सांगायचे आणि संध्याकाळी औरंगाबादेतल्या आपल्या तीन मजली स्लॅबखाली झोपायला जायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण निकाल त्यांच्या हातात होता, आणि बाप हिंगोली डेपोत कंडक्टर असलेल्या पोरीला नापास होणं परवडणारं नव्हतं.

तिनं आत्याचं घर निवडलं. पद्माबाई कळमनुरीकडच्या एका खेड्यात, भीमनगरात, टिनाखाली राहायची. उन्हाळ्यात ते टिन असं तापायचं की आत माणूस भाजून निघावा. साक्षीनं अहवालात लिहिलं, टिनाऐवजी माळवद करायचं, लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर द्यायचा; घर थंड राहील, आणि माती गावच्याच गढीची, फुकट. सर ‘फुकट’वर फारच खूश झाले. मे महिन्यात परीक्षकाला घेऊन येतो, एक खोली तरी बांधून दाखव, म्हणाले.

आत्या लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेली होती. ‘अंगणात काय बांधायचं ते बांध’ म्हणून किल्ली देऊन गेलेली. साक्षी सरळ गढीवर गेली. गढीचे मालक बाजेवर पडले होते.

"कोणाची गं तू?"

"पद्माबाईंची भाची."

"पद्मीची व्हय! ने की, लागंल तेवढी पांढरी ने. पहिल्यासारखंच होऊ दे."

म्हातारा जुन्या बांधकामाचं कौतुक करून राहिला, असं तिला वाटलं. शहरात वाढलेलं लेकरू ते. "हो, पहिल्यासारखंच," ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर पांढरी अंगणात पडली. आत्या नांदेडहून परतली तेव्हा गढीचा गडी फुलसिंग दारातच उभा होता. "मालकानं निरोप दिला, उद्यापासून शेण काढायला या. तुमची पोरगी कबूल झाली."

तो गेल्यावर आत्या साक्षीवर उसळली. "कोणाला इचारून आणली ही माती? ही पांढरी घेतली की वर्षभर त्यांचा गोठा काढावा लागायचा. माझ्या मायनं काढला, मी काढला. मला गरमी आवडते म्हणून टिन टाकलं व्हय?"

"मला माहीत नव्हतं, आत्या. मी त्यांना समजावते. पण परवा सर येणारेत, निदान अर्धी तरी खोली दाखवायला हवी, नाहीतर माझं वर्ष जाईल."

"जाऊ दे. माझी अर्धी जिनगानी गेली त्या शेणात. हितं ढेकूळसुद्धा ऱ्हायला न्हाई पायजे. आणली तशी नेऊन टाक, आन् दिवसाढवळ्या."

साक्षीला आत्याचा भयंकर राग आला. आडमुठी बाई, हिला एका पोरीच्या शिक्षणाची किंमत नाही, असं मनातल्या मनात म्हणत ती फणफणत बसली. माती भिजवायचीच, असं तिनं ठरवूनही टाकलं.

सकाळी फुलसिंग पुन्हा आला. शेण काढायचं रिकामं टोपलं त्यानं आत्याच्या पायाशी टाकलं. "चला, जनावरं खोळंबली." आत्या सवयीनं टोपलं उचलायला वाकली आणि मधेच थबकली. ते साक्षीनं पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच टोपलं तिनं पांढरीनं भरलं, डोक्यावर घेतलं आणि भर गावातून गढी गाठली.

"दिलेली माती आमी परत घेत न्हाई," मालक गुरकावले.

"मी परत देऊन न्हाई राहिले, टाकून राहिले," म्हणत तिनं टोपलं त्यांच्या दारात पालथं केलं. मग दुसरं, मग तिसरं. मालक आयमाय काढत राहिले, लोक जमले. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती टोपलं घेऊन निघाली असताना सरांची जीप आली.

"बघा," सर परीक्षकाला म्हणाले, "पोरगी स्वतः माती वाहतेय." मग त्यांनी अंगणात नुसता मातीचा ढीग पाहिला. "खोली कुठंय?"

"बांधली नाही, सर. माती फुकट म्हणून लिहिलं होतं, ते खोटं आहे."

"मग मी मार्क कशाचे देऊ?"

"देऊ नका."

सर चिडून जीपमध्ये बसले, जीप वळली. वर्ष गेलं होतं. साक्षीचे डोळे भरून आले. आता तरी आत्या जवळ घेईल म्हणून तिनं दाराकडे पाहिलं.

आत्या ढिगाकडे बघत होती. "निम्मी हाये अजून," ती म्हणाली. "उचल."