तालुक्यातल्या सगळ्या लेकींना

धर्माजी अण्णांच्या दहाव्याला कळंबच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा म्हणजे गाजलेले व्याख्याते. त्यातून नव्वद सालापासून मरेपर्यंत, म्हणजे चांगली बारा-तेरा वर्षं, साप्ताहिकात ‘सोनलला पत्र’ लिहीत होते. आळेफाट्याच्या हॉटेलात चहा पिणारासुद्धा त्यांच्या लेकीला विचारायचा, “पत्रातली सोनल तूच का गं?” ती हो म्हणायची. काय सांगणार? ज्या तापात अण्णा रात्रभर तिच्या उशाशी बसले म्हणून छापून आलं, त्या तापात ते बेल्ह्याला भाषण ठोकत होते. उशाशी आई होती, पण आईला कोण छापतं?

पोस्टानं मात्र अण्णांचं साधं कार्डही तिला कधी आलं नाही. जुन्नरच्या वसतिगृहातून नववीत तिनंच एकदा लिहिलं, ‘अण्णा, करमत नाही. एकदा येऊन जा.’ उत्तर आलं ते साप्ताहिकात: ‘माझ्या सोनलला आणि तालुक्यातल्या सगळ्या लेकींना.’ मुलींनी ते कौतुकानं भिंतीला चिकटवलं. सोनलला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घाटावर प्रवचन झालं, भाषणं झाली, पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. चुलते कुंडलिककाका हात जोडून म्हणाले, “दादा, वहिनीला आमी अंतर देणार न्हाई.” कावळा हलला नाही. सरपंच म्हणाले, “पत्रांचं पुस्तक काढू, अण्णा.” तरी नाही. मग काकांनी सोनलला पुढं केलं. “पोरी, तुझ्यातच जीव अडकलाय त्यांचा. तू बोल.”

ती पिंडापुढं येऊन उभी राहिली. खरंच अडकला असेल? आपल्यात? तिला विचारायचं होतं, मला एकटीला दोन ओळी लिहाव्यात असं कधीच वाटलं नाही का हो? पण एवढी माणसं कान देऊन उभी. मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर कोण आणतं?

“अण्णा,” ती म्हणाली, “तुमी मला धाडलेली सगळी पत्रं मी जपून ठेवीन.”

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

“बघा! लई जीव व्हता लेकीवर!” बायांनी डोळ्यांना पदर लावले. सोनल काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. लोकांना वाटलं, बापासाठी. तिला मात्र कळून चुकलं होतं, अण्णांना शेवटीसुद्धा चारचौघांत शोभणारं खोटंच हवं होतं, आणि तेही तिच्याच तोंडून.