ठेकेदारीण पायी निघाली

ठेकेदार दाढी करत होता, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बायको आणि लेक फिरून आल्या होत्या. बायको घामानं निथळत होती, आणि हसत होती.

एके काळी ही बाई डोक्यावर विटा घेऊन माड्या चढायची. मग नवऱ्याला ठेके मिळाले, बंगला झाला. घर झालं आभाळाएवढं, बाईचं जग खुर्चीएवढं. बसून खाणं हाच मान आणि अंगावर चढलेलं मांस हाच दागिना! मान वाढला तशी रक्तातली साखरही वाढली. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. डॉक्टरांनी बजावलं, "औषध घ्या आणि रोज चाला. नाहीतर आधी डोळे जातील, मग तुम्ही."

"कुठं उंडारत होतात?" ठेकेदार गरजला. "दारात दोन गाड्या असून माझी बायको पायी? लोक म्हणतील, भिकेला लागला!"

"शिकवा अजून लेकीला," घरातच राहणाऱ्या आत्यानं तेल ओतलं. "उद्या आईच्या डोक्यावर पुन्हा विटांची पाटी देईल."

नर्सिंग शिकणारी लेक म्हणाली, "पाटीनं आईचा मणका झिजला, आत्या. खुर्चीनं रक्त नासलं. तिला काय हवं, ते दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही."

ठेकेदारानं कमरेचा पट्टा ओढला. पहिला फटका लेकीच्या पाठीवर बसला. आई मध्ये पडली, तशी पट्ट्याचं बक्कल तिच्या भुवईवर आदळलं. कातडी फाटली, फरशीवर रक्त सांडलं. ती खाली कोसळली, तरी त्यानं गुडघ्यावर लाथ घातली. "चालायचंय ना? चाल आता!"

आत्यानं रेडिओचा आवाज मोठा केला. बड्या घरातली किंकाळी बाहेर जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं.

लेकीनं आईला दवाखान्यात नेऊन जखमेला टाके घालून आणले. डोळा सुजून बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई लेकीच्या आधारानं फिरायला निघाली. ठेकेदार फाटकात आडवा उभा राहिला.

"असल्या तोंडानं बाहेर? माझी अब्रू घालवशील!"

"अब्रू तुमची, डोळे माझे," ती म्हणाली. "सरका."

त्यानं हात उगारला. पण रस्त्यावर दूधवाला थबकला होता, समोरच्या मास्तरीणबाई टक लावून बघत होत्या. हात तसाच खाली आला.

"अगं बाई, काय झालं हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

असल्या प्रश्नाला बंगल्यांच्या त्या रांगेत एकच उत्तर ठरलेलं असे: जिन्यावरून पडले.

"नवऱ्यानं मारलं," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "चालायला गेले म्हणून."

खाडखाड खिडक्या उघडल्या. काही तितक्याच घाईनं मिटल्याही. आत शिकलेलीच माणसं होती. मास्तरीणबाई क्षणभर पदराशी चाळा करत राहिल्या. मग पायात चपला सरकवून त्या पायऱ्या उतरल्या, आणि लंगडणाऱ्या बाईच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागल्या.