देवळं न दिसणारी खोली

मी चारशे सात नंबरची खोली बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव मत्सरी आहे. चांगुलपणाचा आव आणून गोष्ट सांगणं मला जमणार नाही. ज्यांना गोडगोड बोलणारी खोली हवी असेल त्यांनी खुशाल समोरचं दार ठोठावावं. तिथे चारशे आठ राहते.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. एकाच महिन्यात, एकाच गवंड्याच्या हाताखाली उभ्या राहिलो. विटा त्याच, फरशी तीच, भिंतींचा रंगसुद्धा एकाच डब्यातला. टेप लावून मोजलंत तर मी तिच्यापेक्षा वीतभर लांबच भरेन. पण खिडक्या काढायची वेळ आली आणि माझं नशीब फुटलं. तिची खिडकी पूर्वेला काढली, माझी पश्चिमेला. पूर्वेला रस्ता ओलांडला की शेकडो वर्षांपूर्वीची देवळं आहेत. पश्चिमेला आमच्याच हॉटेलचं कपडे धुण्याचं अंगण आहे. तेव्हापासून ती ‘देवळांची खोली’ आणि मी ‘मागची’.

हॉटेल सुरू झालं आणि नवी जोडपी येऊ लागली. शहरात भारी हॉटेलं बरीच आहेत. पण हनिमूनला निघालेल्या माणसांना सगळं एकाच ठिकाणी हवं असतं. गादी मऊ हवी, नाश्ता खोलीत यायला हवा, पोहायला तलाव हवा आणि शिवाय देवळंही हाकेच्या अंतरावर हवीत. अशी मंडळी शोधत शोधत आमच्याकडे येतात. आमचे मॅनेजर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत फोनवर बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, खोलीतून देवळं दिसतात ना?

“दिसतात म्हणजे काय साहेब! उशीवरून दिसतात,” मॅनेजर म्हणतात. हे अर्थातच समोरचीबद्दल.

गंमत सांगते. देवळांसाठी एवढा हट्ट धरणारी ही माणसं आत गेली की खिडकीशी उभं राहून दोन फोटो काढतात आणि मग पडदे ओढून घेतात. पडदे ओढले की माझ्यात आणि तिच्यात काय फरक उरतो, तुम्हीच सांगा. पण नाही. तिच्या टेबलावर रोज ताजी फुलं, माझ्या टेबलावर कापडाची. तिची गादी दोनदा नवी आली आणि दोन्ही वेळा तिची उतरलेली गादी माझ्या पलंगावर पडली. थोरल्या बहिणीचे जुने फ्रॉक धाकटीला घालावे लागतात ना, तसं. आणि आम्ही तर एकाच वयाच्या!

माझ्या वाट्याला कोण यायचं? औषधं विकायला गावोगाव फिरणारे, कुणाच्या तरी समारंभाला आलेले जास्तीचे पाहुणे, आणि एकदा नवऱ्याच्या घोरण्याला वैतागून वेगळी खोली मागणाऱ्या एक आजीबाई. त्या मात्र गाढ झोपल्या, हे मला नमूद केलंच पाहिजे.

देवळं मी कधी पाहिली का? साफसफाईच्या मावशी दोन्ही दारं एकदम उघडी टाकतात तेव्हा समोरचीच्या पडद्याच्या फटीतून बोटभर पिवळसर दगड दिसायचा. वीस वर्षांत मी देवळं पाहिली ती एवढीच. त्या बोटभर दगडात काय एवढं होतं, मला कधी कळलं नाही, आणि न कळल्यामुळे माझा जळफळाट जास्तच व्हायचा.

मावशी आमच्याशी बोलतात. झटकणं चालू असतं आणि तोंडही. यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीला त्या माझ्या पलंगाच्या काठावर टेकल्या आणि म्हणाल्या, “मागचे, तुझं काही खरं नाही गं. मालक तुझी चादरी-टॉवेलांची कोठी करणार म्हणतात. मॅनेजर म्हणाले, एवढा हंगाम बघू. एका तरी पाहुण्याने मुद्दाम मागून घेतली तर राहू दे.”

मुद्दाम मागून! वीस वर्षांत कोणी मागून घेतली होती मला? लोक माझ्याकडे यायचे ते समोरची रिकामी नसायची म्हणून.

मग ती दोघं आली.

नवरा पाथरवट. पलीकडच्याच देवळांचे निखळलेले दगड पुन्हा जागेवर बसवायचं काम तो सहा वर्षं करत होता. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आमच्याकडचे तीन दिवस ही तिच्या थोरल्या भावाने दिलेली लग्नाची भेट. मेव्हण्याला देवळांचं वेड, म्हणून दादाने भरपूर शोधाशोध करून देवळांना सगळ्यांत जवळचं असं हे हॉटेल निवडलं होतं. हौसेच्या भरात त्याच्या एवढं लक्षात आलं नाही, की मेव्हण्याला हनिमूनसाठी आपण त्याच्या कामाच्या दारात आणून सोडतोय.

मॅनेजर त्यांना साहजिकच आधी समोर घेऊन गेले. पडदा सर्रकन सरकवला आणि म्हणाले, “बघा! ही आमच्या हॉटेलची शान.”

नवरा खिडकीशी गेला आणि तिथेच खिळला. “ती डावीकडची कमान दिसली का? लाकडी टेकू लावलेली? तिचा मधला दगड...”

बायको पलंगापाशी उभी होती. खांद्यावरची बॅगही तिने खाली ठेवली नव्हती. “तीन दिवस देवळांचा एक शब्द काढायचा नाही, असं ठरलंय आपलं.”

“नाही गं, मी आपलं सहज...”

“सहज? लग्नाच्या फोटोतसुद्धा तू माझ्याकडे बघत नाहीयेस. हॉलच्या खांबाकडे बघतोयस! फोटोग्राफरने तीनदा हाक मारली तुला.” मग ती मॅनेजरांकडे वळली. “दुसरी खोली आहे का हो? देवळं न दिसणारी?”

“न दिसणारी?” मॅनेजरांना वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी घोटाळा आहे.

“अजिबात न दिसणारी.”

ती माझ्यात आली. सरळ चालत खिडकीशी गेली आणि काच सरकवली. खाली अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि दोन बायका बादल्या पालथ्या घालून त्यांवर बसून गप्पा मारत होत्या. तिने मिनिटभर ते सगळं नीट बघितलं. “ठरलं,” ती म्हणाली. “मला हीच हवी.”

माझ्या भिंतींना चार बोटं उंची आली असेल. समोरचीचं दार उघडंच होतं. तिची ताजी फुलं, तिची शान, तिची उशीवरून दिसणारी देवळं, सगळं तसंच पडून राहिलं आणि बाईसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मावशी माझ्या चौकटीवर टिचकी मारून म्हणाल्या, “वाचलीस गं बाई!”

दीड दिवस माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही आहे ते होतं. ती साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं त्याला दारापाशी उभं करून वाचायला लावायची आणि तो अडला की पोट धरून हसायची. त्याच्या हाताला दगडाच्या कामाने पडलेले घट्टे ती क्रीम चोळून मऊ करू बघत होती. “हे काही या जन्मात मऊ व्हायचे नाहीत,” तो म्हणाला. “बघू या की,” ती म्हणाली. मात्र जी एक गोष्ट तिला दिसली नाही ती मला दिसत होती. ती आंघोळीला गेली की तो घड्याळ बघायचा, मग दाराकडे बघायचा, मग परत घड्याळ.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर ती पोहायला खाली गेली. मावशींनी पुसायला म्हणून समोरचं दार उघडलं होतं. याने कॉरिडॉरमध्ये डोकावून विचारलं, “मावशी, एक मिनिट खिडकीशी उभा राहू?” मावशी म्हणाल्या, “उभे राहा की, मी फुलं घेऊन येते,” आणि त्या जिना उतरून गेल्या. चावी माझ्या टेबलावर तशीच ठेवून, माझं दार अर्धवट ढकलून हा गेला समोर. एका मिनिटाची पाच झाली, पाचाची दहा झाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात एकदा मला कोणी निवडलं, आणि तिचा नवरा समोरचीच्या खिडकीला चिकटून उभा! त्याच वेळी अंगणाकडून वारा आला. एरवी मी पडद्याने त्याला थोपवून धरते. त्या दिवशी नाही धरलं. त्याला सरळ आत येऊ दिलं आणि दार धाडकन आपटून घेतलं. कुलूप आपोआप लागलं. बस म्हटलं आता तिकडेच.

तो धावत आला, दार ढकलून बघितलं आणि परत समोर जाऊन उभा राहिला. मावशी वर येईपर्यंत त्याला दुसरा इलाजही नव्हता. पण मावशींच्या आधी बायकोच वर आली. बंद दाराआडून मला पुढचं सगळं ऐकू आलं.

“तू इथे?”

“वाऱ्याने दार लागलं गं. चावी आत राहिली.”

“आणि तुला या खोलीत कोणी आणलं? वाऱ्यानेच?”

मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मला एवढंच सांग. माझा नंबर त्या दगडांच्या नंतर लागतो का? तसं असेल तर आत्ताच सांगून टाक. मी सवय करून घेईन.”

हे ऐकून मला कसंतरी झालं. वीस वर्षं मला समोरचीबद्दल कोणाला तरी नेमकं हेच विचारायचं होतं.

“आज कमानीचे टेकू काढतायत,” तो म्हणाला. “तो मधला दगड मी बसवलाय. दिवस आधीच ठरला होता. मुकादम म्हणाले, तू जा, आम्ही काढतो. खाली चार माणसं उभी आहेत. माझ्या मापात एका सुताची जरी चूक असली तर...”

“तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“लग्नाच्या आधीपासून.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“देवळांचा शब्द काढायचा नाही, असं ठरलं होतं ना.”

“अरे वेड्या, देवळांबद्दल बोलू नकोस म्हटलं होतं मी. घाबरलास तर सांगू नकोस असं कधी म्हटलं?” मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “सरक. मला बघू दे.”

तेवढ्यात मावशी आल्या आणि त्यांनी त्यांच्या चावीने माझं दार उघडलं. समोर खिडकीत दोघांच्या पाठी. माझा तो बोटभर दगडही त्यांनी झाकून टाकला होता. नवऱ्याने खिडकीकडून मान फिरवून डोळे मिटून घेतले होते. “मला बघवत नाही. तू सांग.”

आणि देवळांवर दात खाऊन असलेली ती बाई, दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी, त्याला एकेक गोष्ट सांगू लागली. दोन टेकू निघाले. तिसरा निघाला. एक म्हातारा हात वर करून थांबा म्हणतोय. आता चौथ्यावर हातोडा मारतायत. तिने त्याचा तो खरखरीत हात दोन्ही हातांत गच्च धरला होता.

“निघाला,” ती म्हणाली. “शेवटचा निघाला. उभी आहे रे. हललीसुद्धा नाही. बघ, उघड डोळे!”

तो लहान मुलासारखा रडला. मावशींनी फुलं तशीच हातात धरून नाक ओढलं.

तासाभराने त्यांनी खोली बदलून मागितली. “मी म्हणालोच होतो,” असं मॅनेजर चारदा म्हणाले. ती माझ्यातलं सामान गोळा करायला आली तेव्हा खिडकीशी थोडी रेंगाळली आणि मावशींना म्हणाली, “सोडताना वाईट वाटतंय हो. इथे दीड दिवस तो नुसता माझा होता.”

“मग सोडता कशाला?”

“तिथे तो अख्खा मिळतोय.”

मी त्या दिवशी दार आपटलं नसतं तर तो बायको वर यायच्या आत गुपचूप परत आला असता. भीती पोटातच राहिली असती, तीन दिवस माझ्यातच सरले असते आणि मी खोली म्हणून शाबूत राहिले असते. केलं ते मीच केलं. तिचं भलं झालं, हे मला कळतं. चांगलंही वाटतं. पण ते भलं समोरचीच्या खिडकीत झालं, हे आठवलं की पोटात अजून दुखतं. त्याला माझा इलाज नाही.

हंगाम संपल्यावर मालकांनी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, “एकीने मागितली होती, पण दुसऱ्याच दिवशी सोडून गेली.” ते काही खोटं बोलले नाहीत. पलंग गेला. तीन भिंतींना फळ्या लागल्या आणि त्यांवर चादरींच्या चवडी रचल्या गेल्या. उद्या सुतार चौथ्या भिंतीला येणार आहे.

तुम्ही हनिमूनसाठी हॉटेल शोधत असाल आणि आमच्याकडे आलात तर खुशाल समोरचीच घ्या. फक्त मालक भेटले तर माझा एक निरोप द्या. हव्या तेवढ्या फळ्या ठोका म्हणावं, वाटेल तेवढे टॉवेल रचा, पण खिडकीवर फळी मारू नका. तिच्यातून बघण्यासारखं काही दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण एका बाईने दोन्ही खिडक्या बघितल्या होत्या, आणि बघून हीच मागितली होती.