सर्व्हरकाकांचा नंबर

वाचनालयाचे सर्व्हर सांभाळायला लागून मला दोनच दिवस झाले होते. सकाळी साडेदहाला फोन वाजला.

"पुस्तकांच्या यादीचा सर्व्हर नव्वद टक्के भरलाय. चहा नंतर पी."

"आपण कोण?"

"तुझ्या आधीचा."

हे सर्व्हरकाका. निवृत्त होऊन चार महिने झालेले. सर्व्हरवर नजर ठेवणारं मोफत, खुलं सॉफ्टवेअर त्यांनीच बसवलेलं, त्यामुळे काही बिघडलं की इशारा अजून त्यांच्याच मोबाइलवर जायचा. त्यांचा नंबर काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग रोज तेच. आधी काकांना कळायचं, मग काकांकडून मला. एकदा तर ग्रंथपालबाईंना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, फक्त बघत नाही." त्या दिवशी मी सेटिंगमधून त्यांचा नंबर उडवला आणि माझा घातला. जिवाला फार गार वाटलं.

त्यानंतर नवव्या दिवशी काकांच्या घरून काकू ऑफिसात हजर.

"नंबर तूच काढलास ना?"

"हो."

"मग वाच." त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. 'फ्रिजचं दार चाळीस सेकंद उघडं. गंभीर.' 'बाथरूमचा दिवा सत्तावीस मिनिटं चालू. अतिगंभीर.'

"अगं, मी डोक्यावरून आंघोळ करत होते! या माणसानं त्याचा आलेख काढून हॉलमधल्या टीव्हीवर लावला. नेमकी तेव्हाच माझी बहीण घरी आलेली."

"तेच सॉफ्टवेअर घरी बसवलं?"

"फुकट आहे ना! विकत असतं तर यांनी हात तरी लावला असता का? ते काही नाही, नंबर परत घाल."

"काकू, ते पुन्हा माझ्या डोक्यावर बसतील."

"बसू देत. तुला त्याचा पगार मिळतो, मला नाही."

नुसता नंबर घालण्यापेक्षा मी काकांनाच फोन लावला. "काका, दिवसाला दोनशे इशारे येतात. त्यातले एकशेनव्वद खोटे."

"खोटे नाहीत. सावध आहेत."

"मग येऊन सांगा, कुठले ठेवायचे."

सोमवारी ते आले, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेका इशाऱ्यासाठी भांडले.

"सर्व्हरच्या खोलीत तेवीस अंश झाले की इशारा? कशाला?"

"मला उकडायचं."

असं दर सोमवारी करत तीन आठवड्यांत आम्ही दोनशेचे अकरा केले. काकूंचा फोन आला नाही, म्हणजे घरी शांतता असावी.

चौथ्या सोमवारी मात्र खरोखर घात झाला. अकरा वाजता यादीचा सर्व्हर बंद पडला, चौदा शाखांमध्ये वाचक ताटकळले. काका ताडकन उठले, कीबोर्डकडे हात नेला, मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेऊन खाली बसले.

"कर तू."

त्यांचा गुडघा सारखा हलत होता, डोळे घड्याळावर. बारा मिनिटांत सर्व्हर उभा राहिला. मी घाम पुसला.

"मला नऊ लागली असती," काका म्हणाले आणि माझ्यासाठी चहा आणायला गेले.