पाणी वळायच्या आधी

"पेन खाली!"

एक्केचाळीस पेनं बाकांवर खडखडली. जयेशचं तेवढं हातातच राहिलं.

"टीचर, मी तर केव्हाच करून बसलेलो."

"शाबास. आता विसर आणि खाली ठेव."

उत्तरा टीचरांच्या गणिताच्या तासाला पहिली पाच मिनिटं कुणी आकडा लिहायचा नाही, हा कोलशेतच्या त्या पालिका शाळेतला सोळा वर्षांचा कायदा होता. आधी उदाहरण गोष्टीसारखं सांगायचं, मग चित्र काढायचं, मग अंदाज बांधायचा. आकडेमोड सगळ्यात शेवटी, जेवण झाल्यावर हात धुवावेत तशी. हे त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. प्रशिक्षणात त्यांना चहा-बिस्किटं मिळाली होती. लहानपणी आपल्याला गणित का येत नव्हतं, ते शोधता शोधता त्या इथवर पोचल्या होत्या.

आज मात्र शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका अमृता मॅडम बसल्या होत्या. सकाळीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "उत्तराताई, शिष्यवृत्तीच्या सरावात तुमच्या आठवीचे निम्मे प्रश्न कोरे राहतात. केतन सर ट्रिक देऊन धडाधड सोडवून घेतात. आज एका तासात पंधरा प्रश्न करून दाखवा. नाहीतर सोमवारपासून आठवी त्यांना देते, तुम्ही चौथी घ्या."

निवृत्तीला सात महिने उरले होते. हातातला शेवटचा वर्ग आठवीचा असावा, एवढंच टीचरांना हवं होतं.

वीस मिनिटांत आठ प्रश्न झाले. जमेल असं वाटत होतं. नववा प्रश्न होता नदीतल्या बोटीचा. संथ पाण्यात बोटीचा वेग ताशी दहा किलोमीटर, प्रवाहाचा दोन. चोवीस किलोमीटर प्रवाहाबरोबर जाऊन परत यायला एकूण किती तास?

"जयेश, बोल."

"चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. जाताना दोन वाढले, येताना दोन कमी झाले, मॅटर खतम."

"येताना तू जास्त वेळ पाण्यात आहेस, बाळा. चित्र काढ."

जयेशने फळ्यावर काढलं. जाताना बारा, येताना आठ. दोन तास आणि तीन तास. "च्यायला, पाच!" म्हणाला आणि मॅडमना बघून जीभ चावली.

"टीचर, चार," खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला. दिपिका. खाडीवर बोट असलेल्या घरातली, सहसा गप्प.

वर्ग हसला. "अगं, फळ्यावर उत्तर आहे!"

टीचरांनी घड्याळाकडे पाहिलं. उरली तेरा मिनिटं, सहा प्रश्न. नुसतं 'चूक' म्हणून पुढे जाता आलं असतं.

त्यांनी खडू खाली ठेवला. "गोष्ट सांग."

"आमचा बाबा उलट्या पाण्यात कशाला येईल? डिझेल काय फुकट हाय? ओहोटी संपायला दोन तास असताना निघायचं. पोचतो तवर पाणी वळतं. मग भरतीसोबत घरी. जाताना दोन, येताना दोन."

"पाणी लगेच नाही वळत काय," मागून प्राप्ती म्हणाली. तीही कोळीवाड्यातलीच. "मधी थांबतं."

"तवर चाय पितात!"

या वेळी वर्ग वेगळं हसला. टीचरही हसल्या. मग म्हणाल्या, "आता मला सांगा, हिचं चार कधी बरोबर आणि जयेशचं पाच कधी बरोबर? प्रश्नातला कुठला शब्द ते ठरवतो?"

बेचाळीस डोकी कागदावर वाकली. शब्द सापडेपर्यंत घंटा झाली. झालेले प्रश्न नऊ.

मॅडम दारात थांबल्या. "छान वाटलं बघायला, खरंच. पण परीक्षेत हे चालत नाही हो."

"माहितीये," टीचर म्हणाल्या. "चौथीची हजेरी कुठे मिळेल?"

तीन आठवड्यांनी, चौथीच्या वर्गात त्या फळा पुसत असताना केतन सर दारात आले. चांगला मुलगा, सदा घाईत. हातात सराव परीक्षेचा पेपर होता.

"टीचर, ही दिपिका बघा ना. शेवटचे चार प्रश्न कोरे. आणि बोटीच्या प्रश्नात पाच बरोबर मार्क केलंय, पण बाजूला हे काय?"

छापील प्रश्नातल्या 'नदी' या शब्दाभोवती दिपिकाने गोल केला होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खाडी असती तर ४. पाणी वळायच्या आधी पोचलं पाहिजे.'

टीचरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मी शॉर्टकटने केलेलं," केतन सर म्हणाले. "नदी की खाडी, मी बघितलंच नव्हतं. तिला विचारू का काय ते?"

"विचारा. पण मध्ये बोलू नका. ती सावकाश सांगते."

सर पेपर घेऊन गेले. या वेळी घाईत नव्हते. टीचर फळ्याकडे वळल्या. दोन टोपल्या आणि बोरांचं उदाहरण लिहिलं, आणि वर्गाकडे तोंड केलं. अडतीस चिमुकले हात आधीच वहीत आकडे कोरायला लागले होते.

"पेन्सिली खाली," त्या म्हणाल्या.

पेन्सिली खाली गेल्या. एक बाकावरून घरंगळत त्यांच्या पायाशी आली. ती थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"हां. आता गोष्ट कोण सांगतं?"